एकाच अक्षराची भावंडे

बाळ नऊ दिवसांचे होते. डोळ्यांत पिवळेपणा वाटतो म्हणून आईवडील त्याला दाखवायला घेऊन आले होते. तपासून झाले, कावीळ ओसरते आहे हे सांगून झाले, आणि निघता निघता वडिलांनी खिशातून मोबाइल काढला. ‘‘डॉक्टर, परवावर बारसे आले आहे. मोठीचे नाव ‘श’वरून आहे, म्हणून हिचेही ‘श’वरूनच हवे. तुम्हांला एखादे सुचते का?’’ मोबाइलमध्ये ‘श’ची साठ-सत्तर नावे होती. आई थकलेल्या चेहऱ्याने हसत होती. तिने ती यादी बहुधा अनेकदा ऐकली असावी.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ही हौस मी वाढताना पाहतो आहे. अथर्व असेल तर धाकटा अद्वैत, स्वरा असेल तर धाकटी स्वरांगी. हौसेला हसण्याचे कारण नाही. दोन मुले एकाच घरची आहेत, हे नावातच ऐकू यावे ही इच्छा मोठी गोड आहे, आणि जुनीही आहे. महाभारतात धृतराष्ट्राच्या घरी दुर्योधन, दुःशासन, दुःसह आणि बहीण दुःशला आहेत. त्याआधीच्या पिढीत काशिराजाच्या कन्या अंबा, अंबिका आणि अंबालिका. आता वाचकांनी प्रामाणिकपणे सांगावे, धृतराष्ट्राची आई कोणती आणि पंडूची कोणती, हे न अडखळता सांगता येते का? (अंबिका धृतराष्ट्राची, अंबालिका पंडूची. मलाही दर वेळी मनात एकदा घोळवावे लागते.) कथेत हा घोटाळा निरुपद्रवी आहे. दवाखान्यात तो तसा राहत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्याच टेबलावर ते घडलेले आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीचा पावसाळा होता. संध्याकाळी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक आई आपल्या मोठ्या मुलाला घेऊन आली. घसा सुजलेला, ताप. त्यांची नावे येथे देत नाही. एवढेच सांगतो की, त्याच्या आणि धाकट्या भावाच्या नावातली पहिली दोन अक्षरे एकच होती. वडिलांचे नाव एक, आडनाव एक. कंपाउंडरने कप्प्यातून केसपेपर काढला तो धाकट्याचा. मी गर्दीत नाव वाचले, आईने मान डोलावली. तिने मोठ्याचे नाव ऐकले, मी धाकट्याचे उच्चारले. मोठ्या मुलाला चार वर्षांचा असताना अ‍ॅमॉक्सिसिलिनने अंगभर गांधी उठल्या होत्या, आणि ते मी स्वतः त्याच्या केसपेपरवर लाल शाईने लिहून ठेवले होते. तो लाल शाईचा कागद त्या संध्याकाळी कप्प्यातच राहिला. माझ्यासमोरच्या कागदावर तसे काही नव्हते, म्हणून मी अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहिले.

तासाभरातच ती आई धावत परत आली. मुलाचे ओठ सुजले होते, आवाज घोगरा झाला होता, अंगावर गांधीच गांधी. मी मांडीत अ‍ॅड्रिनलिनचे इंजेक्शन दिले आणि माझ्याच गाडीत घालून त्याला रुग्णालयात नेले. रात्रभर देखरेखीखाली ठेवावे लागले. सकाळी तो शिरा मागत उठला. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. केसपेपरवर मागच्या भेटीतले वजन १४ किलो होते आणि त्या दिवशी काट्यावर २३ भरले होते. दोन्ही आकडे एकाखाली एक, माझ्याच हस्ताक्षरात होते. लिहिताना वरच्या आकड्याकडे नजर टाकली असती, तरी पुरे झाले असते. चूक माझी होती. नावांचा दोष म्हणून तिच्यावर पांघरूण घालता येणार नाही. पण ती चूक घडायला वाट कोणी करून दिली, याचा विचार मी तेव्हापासून करीत आलो आहे.

आपल्याकडे पूर्ण नावाची तीन पदे असतात: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. भावंडांत यांपैकी दोन जन्मतःच समान असतात. पत्ता समान, दूरध्वनी क्रमांक समान, बहुधा डॉक्टरही समान. म्हणजे कागदावर या दोन मुलांना वेगळे ठेवणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे पहिले नाव. त्याचेही पहिले अक्षर आपण सारखे केले की, ज्या ज्या ठिकाणी नाव संक्षेपाने लिहिले जाते, त्या त्या ठिकाणी दोन मुले एक होऊन जातात. औषधाच्या बाटलीवर, लॅबच्या नळीवर, एक्स-रेच्या पाकिटावर, शाळेच्या आरोग्य तपासणीच्या तक्त्यावर आद्याक्षरे आणि आडनाव एवढेच लिहिण्याची सवय सर्वत्र आहे.

यात रोमन लिपी आणखी भर घालते. देवनागरीत ‘स’ आणि ‘श’ वेगळे. संगणकावर दोघांचाही ‘एस’. ‘त’ आणि ‘ट’ दोन्ही ‘टी’, ‘द’, ‘ध’, ‘ड’, ‘ढ’ हे चौघेही ‘डी’. अ, आ, ऐ आणि औ यांची तर एकाच ‘ए’मध्ये दाटी. त्यामुळे सर्वेश आणि शर्व ही नावे ठेवणाऱ्या पालकांना आपण वेगळी अक्षरे निवडली असे वाटत असले, तरी लॅबच्या अहवालावर ती भावंडे एकाच अक्षराची असतात.

जुळ्यांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो, आणि तेथे पंचांगही त्यात हातभार लावते. अवकहडा चक्रात २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, असे १०८ चरण आणि प्रत्येकाला एक अक्षर. चंद्र एका चरणात साधारण सहा तास असतो. जुळी काही मिनिटांच्या अंतराने जन्मतात, म्हणून बहुतेक वेळा दोघांचे नावरास अक्षर एकच निघते. पुष्कळ घरांत हे नाव पत्रिकेपुरते राहते आणि हाक मारायचे नाव निराळे ठेवले जाते. ती पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

नावे ठेवण्यापूर्वीच्या दिवसांतही जुळ्यांना धोका असतो, कारण तेव्हा त्यांची ओळख आईचे नाव आणि ‘बाळ १’, ‘बाळ २’ एवढीच असते. अमेरिकेतील नवजात अतिदक्षता विभागांत याचा नेटका अभ्यास झाला आहे. न्यूयॉर्कच्या दोन विभागांत सर्व बाळांना सरसकट ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे न नोंदवता आईचे पहिले नाव जोडून नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा एका बाळाची औषधयोजना दुसऱ्याच्या नावावर जाण्याच्या चुका सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्या. हे २०१५ साली प्रसिद्ध झाले. पण आईचे नाव जोडून जुळी वेगळी होत नाहीत. त्याच विषयावरच्या २०१९च्या अभ्यासात एकेकट्या बाळांमध्ये दर एक लाख आदेशांमागे अशा सुमारे ४२ चुका आढळल्या, तर जुळ्या-तिळ्यांमध्ये ६६. नाव हा ओळखीचा किती महत्त्वाचा दुवा आहे, हे या आकड्यांतून दिसते. तेथे तर संगणक होते, मनगटी पट्ट्या होत्या, प्रशिक्षित परिचारिका होत्या. आपल्या घरच्या फ्रिजच्या दारात यांतले काहीच नसते.

त्या फ्रिजच्या दाराकडे एकदा पाहा. दोन्ही मुलांना एकाच आठवड्यात सर्दी-ताप येणे हा पावसाळ्यातला नित्याचा प्रकार. दोघांच्या दोन सारख्या बाटल्या, दोन्हींवर औषधविक्रेत्याने लिहिलेले तेच आद्याक्षर. तापाच्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. एका वेळची मात्रा वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेले औषध मिळते, आणि २५० मिलिग्रॅम असलेलेही. चोवीस किलोच्या मोठ्याला २५०च्या बाटलीतले पाच मिलिलिटर योग्य आहेत. तेच पाच मिलिलिटर रात्री दोन वाजता, अर्धवट झोपेत, आठ किलोच्या धाकट्याला गेले तर त्याच्या कमाल मात्रेच्या दुपटीहून अधिक औषध पोटात गेले. एकदा झाले तर बहुधा निभावते. दर सहा तासांनी दोन दिवस तेच चालू राहिले तर यकृताला इजा होऊ शकते.

म्हणून माझी पहिली विनंती नावाविषयी नाहीच, बाटलीविषयी आहे. घरी आणताच बाटलीवर चिकटपट्टी लावून मुलाचे पूर्ण पहिले नाव आणि मात्रा मिलिलिटरमध्ये ठळक लिहावी. आद्याक्षर लिहू नये. ‘मोठा’, ‘धाकटी’ असे लिहिले तर त्याहून उत्तम, कारण आजी-आजोबांना तेच चटकन कळते. दवाखान्यात, लॅबमध्ये, लसीकरणाच्या वेळी नाव कोणी विचारो न विचारो, नावापाठोपाठ जन्मतारीख आपणहून सांगावी. अ‍ॅलर्जी असेल तर ती प्रत्येक भेटीत सांगावी, ‘डॉक्टरांना ठाऊकच आहे’ असे धरून चालू नये. वरची हकीकत वाचल्यावर हे पटवून द्यावे लागणार नाही. माता-बाल संरक्षण कार्डांना दोन वेगळ्या रंगांची वेष्टने घालणे हा दहा रुपयांचा उपाय आहे. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र १४ अंकी आभा क्रमांक काढून घेता येतो, तोही काढावा. आकड्यांना आद्याक्षर नसते.

आता एका वेगळ्या काळजीविषयी, कारण ती घेऊन येणारे लोक कमी नाहीत. ‘‘मी धाकटीला हाक मारताना दर वेळी मोठीचे नाव घेते. डॉक्टर, मला विस्मरण तर होत नाही ना?’’ चाळिशीतल्या आया हे विचारतात, सत्तरीतल्या आज्या तर फार घाबरून विचारतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की, आपण चुकून घेतो ते नाव बहुतेक त्याच नात्याच्या गोटातले असते: मुलाऐवजी मुलाचे, भावाऐवजी भावाचे. कुत्र्याचे नावही या गोटात सापडते, मांजराचे क्वचित. चेहऱ्यांच्या साम्याचा यात फारसा वाटा नसतो. नावांच्या आरंभीचे किंवा अखेरचे ध्वनी सारखे असले तर मात्र घसरण वाढते. तेव्हा ज्यांनी एकाच अक्षराची नावे ठेवली आहेत, त्यांनी थोडी अधिक घसरण गृहीत धरावी आणि निर्धास्त असावे. समोरची व्यक्ती कोण हेच कळेनासे झाले, नेहमीचा रस्ता चुकू लागला, तर ती गोष्ट निराळी. तेव्हा जरूर यावे.

जुन्या एकत्र कुटुंबांनी या घसरणीवर आपला असा तोडगा काढला होता, असे मला कधी कधी वाटते. पाळण्यातली नावे काहीही असोत, हाकेला अण्णा, नाना, तात्या, भाऊ, माई, अक्का. ओसरीवरून परसदारापर्यंत हाक गेली तरी एकाऐवजी दुसरा उठून यायचा नाही.

मुलांच्या मनावर याचा परिणाम होतो का, असेही विचारले जाते. सारखे अक्षर आहे म्हणून कोणाचे मन दुखावल्याचे मी पाहिलेले नाही. दुखते ते वेगळ्याच ठिकाणी. एक आठवीतली मुलगी डोकेदुखीची तक्रार घेऊन दोन-तीनदा आली होती. डोळे, रक्तदाब, सगळे ठीक. आईला बाहेर बसवून विचारले तेव्हा म्हणाली, ‘‘वर्गात बाई मला ताईच्याच नावाने हाक मारतात. मग सगळे हसतात. आणि मग म्हणतात, ताई कशी हुशार होती.’’ तिच्या डोक्याला काय होत होते, हे मला त्या शेवटच्या वाक्यात कळले. नाव वेगळे असते तरी तुलना झालीच असती; सारख्या नावाने ती तुलना रोज हजेरीच्या वेळी घडत राहिली, एवढेच. ज्यांनी नावे ठेवून टाकली आहेत, त्यांनी ती बदलण्याच्या फंदात पडू नये. तुलना मात्र थांबवावी, ती आपल्या हातात आहे.

ज्यांचे बारसे अजून व्हायचे आहे, त्यांच्यापाशी थोडी मोकळीक आहे. नात्याचा धागा अक्षराऐवजी अर्थात गुंफता येतो. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता: एकाच वाटेवरचे चार शब्द, आणि चारही निरनिराळ्या अक्षरांचे. चापेकर बंधू दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव: तिन्ही नावे एकाच कृष्णाची, पण एकाला हाक मारली तर दुसरा वळणार नाही. आणि अक्षर एकच हवे असा आग्रह असेलच, तर निदान नावांची लांबी आणि शेवट वेगळा ठेवावा. एक नाव दोन अक्षरी असेल तर दुसरे चार अक्षरी असावे. एकाचा शेवट ‘आ’कारान्त असेल तर दुसऱ्याचा नसावा.

त्या ‘श’वाल्या जोडप्याला मी एवढेच सांगितले होते. दीड महिन्याच्या डोसासाठी ते पुन्हा आले. नाव ‘श’वरूनच ठेवले होते, पणजीची इच्छा होती म्हणे, पण मोठीचे दोन अक्षरी, हिचे चार अक्षरी. थोरली वडिलांच्या कडेवर होती. आईने पिशवीतून हिरव्या वेष्टनातले कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि मी पेन उघडण्याआधीच नाव, जन्मतारीख आणि वजन एका दमात सांगून टाकले. मग जरा थांबून म्हणाली, ‘‘पिवळे कार्ड घरीच ठेवले आहे. आज डोस फक्त धाकटीचा.’’