टेबलावर भोर घाट : मॉडेल रेल्वेतल्या स्केल, चढ आणि हेलिक्सचं गणित

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या बहुतेक एक्स्प्रेस कर्जतला थांबतात. पुढे भोर घाट असतो, म्हणून गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना बँकर म्हणतात. या घाटातला चढ १:३७ पर्यंत जातो, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. टक्क्यांत सांगायचं तर २.७ टक्के.

हाच घाट घरातल्या टेबलावर उभा करायचा असेल तर? मॉडेल रेल्वेचा छंद असलेल्यांना हे गणित प्लायवूड कापायच्या आधीच करावं लागतं. कारण चढ चुकला की इंजिन जागेवरच चाकं फिरवत बसतं, आणि कापलेलं प्लायवूड वाया जातं.

आधी स्केल

जगात सगळ्यात जास्त चालणारं स्केल म्हणजे एचओ, १:८७. खऱ्या वस्तूचं माप भागिले ८७, इतकं सोपं. साधारण साडेतेवीस मीटरचा एलएचबी डबा २७ सेंटीमीटरचा होतो. जागा कमी असेल तर १:१६० चं एन स्केल घेतात.

आपल्याकडे यात एक गंमत आहे. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे असतात, कारण युरोप-अमेरिकेतला १,४३५ मिलिमीटरचा गेज भागिले ८७ केलं की तेवढंच येतं. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. तो १९.३ यायला हवा. म्हणजे बाजारातल्या तयार रुळांवर आपली गाडी चालवली तर रूळ जवळपास ३ मिलिमीटरने अरुंद पडतात. बहुतेक जण तिकडे काणाडोळा करतात आणि ते बरोबरच आहे.

चढ लहान होत नाही

इथे नवख्यांची गल्लत होते. लांबी ८७ पट लहान होते, उंचीही ८७ पट लहान होते, पण चढ म्हणजे या दोघांचं गुणोत्तर. ते तसंच राहतं. १:३७ चा घाट टेबलावरही १:३७ च.

अडचण जागेची. कर्जत ते लोणावळा सुमारे २८ किलोमीटर. भागिले ८७ केलं तरी ३२० मीटरच्या वर रूळ लागतात. एवढा हॉल कुणाकडे आहे? म्हणून मग हेलिक्स.

हेलिक्स म्हणजे काय?

मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी गोल गोल फिरत वरच्या मजल्यावर जाते, तसाच रुळांचा गोल जिना. खऱ्या रेल्वेतही ही युक्ती आहे. दार्जिलिंगच्या बतासिया लूपवर मार्ग गोल फिरून स्वतःलाच ओलांडतो.

गणित असं. समजा त्रिज्या ६० सेंटीमीटर. परीघ म्हणजे २ × ३.१४ × ६०, साधारण ३७७ सेंटीमीटर. आता एका फेरीत किती वर जायचं? खालून गाडी जायला साडेसात सेंटीमीटर मोकळी जागा, त्यात प्लायवूडची जाडी आणि रूळ मिळवले की १० सेंटीमीटर धरून चालावं. विजेच्या तारा दाखवायच्या असतील तर आणखी. १० भागिले ३७७, म्हणजे २.६५ टक्के. जवळपास भोर घाटच!

पण वळणावर चाकं रुळाच्या कडेला घासतात आणि इंजिनाला तोही भार ओढावा लागतो. छंदी मंडळींचा एक जुना ठोकताळा आहे : ३२ ला त्रिज्येच्या इंचांनी भागा, तेवढे टक्के चढ जास्त धरा. ६० सेंटीमीटर म्हणजे २३.६ इंच, भागाकार १.३५. एकूण झाले ४ टक्के, म्हणजे १:२५. भोर घाट मागे पडला, आपण माथेरानच्या १:२० च्या दिशेने निघालो. बँकरची गरज इथे खरोखरच पडू शकते.

४० सेंटीमीटर उंची गाठायला अशा ४ फेऱ्या आणि १५ मीटर रूळ लागतील. फेऱ्या वाढवून चढ कमी करता येत नाही, कारण दोन फेऱ्यांमध्ये गाडी मावायलाच हवी. चढ कमी करायचा तर त्रिज्याच वाढवावी लागते. दुहेरी मार्ग असेल तर चढणारी गाडी बाहेरच्या रुळावर ठेवा. आतली त्रिज्या ५४ सेंटीमीटर असेल तर तिथला चढ वळणाचा भार न धरताही २.९५ टक्के होतो.

गाडीची लांबीही बघावी. २४ डबे म्हणजे साडेसहा मीटर. ती एका फेरीत मावणारच नाही, आणि इंजिनाच्या ओढीने मधले हलके डबे आतल्या बाजूला कलंडतात. ८-१० डब्यांवर थांबलेलं बरं. सपाट रुळावरून चढ एकदम सुरू करू नये, डब्यांची जोडणी सुटते. पहिला-दुसरा फूट हळूहळू उचलत न्यावा.

हे सगळं खरं की खोटं, ते प्लायवूड कापण्याआधी तपासता येतं. दोन मीटरच्या सरळ फळीवर रूळ ठोका, एक टोक ८ सेंटीमीटर उचला आणि आपलं इंजिन किती डबे ओढतं ते मोजा.