मिनोची निवड : आधी पाणी, मग रंग

(द्वितीय वर्ष, कला)

मासेमारी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर होडी, जाळे आणि किनाऱ्यावरचा लिलाव उभा राहतो. परंतु काठावर उभे राहून एकेक मासा गळाने धरणे हीही मासेमारीच. आमच्या मालवणकडे तिला गरवणे म्हणतात. पूर्वी गरीला कोळंबी किंवा पेडव्याचा तुकडा लावीत. अलीकडे खाडीकाठची मुले काठी आणि रीळ घेऊन कृत्रिम आमिष, म्हणजे ल्यूर, फेकताना दिसतात. त्यातला एक प्रकार म्हणजे पाण्यात बुडी मारणारा ‘मिनो’. तो कसा निवडावा, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण चांगल्या मिनोची किंमत पाचशे रुपयांच्या पुढे असते. तो पहिल्याच फेकीत खडपात अडकून तुटला, तर आमच्यासारख्या घरात एका दिवसाची मजुरी पाण्यात गेली असे होते. म्हणून निवड डोळसपणे करणे भाग आहे.

मिनो म्हणजे लहान, सडपातळ माशाच्या आकाराचे लाकडी किंवा प्लॅस्टिकचे आमिष. पोटाला आणि शेपटीला तीन टोकांचे गळ, आणि तोंडाखाली पुढे आलेली एक पारदर्शक पट्टी. या पट्टीला आपण जीभ म्हणू. या आमिषाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. फिनलंडमधील लॉरी रापाला हा एक गरीब मच्छीमार. मोठा मासा लहान माशांच्या थव्यातून नेमका अडखळत, डुगडुगत पोहणारा मासा उचलतो, हे त्याने होडीतून पाहिले. मग १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चंदेरी पन्नी चढवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. मासा खरा दिसण्यापेक्षा त्याची चाल खरी हवी, हे त्याने ओळखले होते.

ही चाल देते ती जीभ. रीळ फिरवून दोरा ओढला की पाणी जिभेवर आपटते, मिनोचे तोंड खाली दाबले जाते आणि अंग डावीउजवीकडे हलू लागते. जीभ आखूड आणि जवळजवळ उभी असेल, तर मिनो वरच्या दोन-तीन फुटांतच चालतो. जीभ लांब आणि अंगाच्या रेषेत पुढे आलेली असेल, तर तो खोल जातो. दुकानात उभे राहून केवळ जीभ पाहिली तरी निम्मा निर्णय होतो.

वेष्टनावर खोलीचा आकडा छापलेला असतो. पण तो आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. दोरा बारीक असेल तर पाण्याचा अडथळा कमी होऊन मिनो अधिक खोल जातो. जाड दोऱ्यावर तोच मिनो उथळ चालतो. काठीचे टोक वर धरले तर तो वर येतो, पाण्याकडे झुकवले तर खाली जातो. शिवाय पडल्यापडल्या तो पूर्ण खोली गाठत नाही. त्यासाठी त्याला काही अंतर ओढावे लागते. म्हणून छोट्या टप्प्यात खोल मिनो वापरून फारसा लाभ नाही.

आता प्रश्न असा की किती खोलीचा मिनो घ्यावा? याचे उत्तर दुकानात नसून खाडीत आहे. आमच्या आचऱ्याच्या खाडीत भरतीला पुरुषभर पाणी असलेल्या खडपावर ओहोटीला जेमतेम गुडघाभर पाणी राहते. उधाणाला हा फरक मोठा, भांगाला कमी. त्यामुळे एकच जागा सकाळी एक मिनो मागते आणि दुपारी दुसरा. सोपा नियम असा, की जेवढे पाणी आहे त्यापेक्षा फूट-दोन फूट कमी खोल जाणारा मिनो घ्यावा. जिताडा (गोव्यातला चोणक) किंवा तांबोशी खडपाच्या नाहीतर कांदळवनाच्या मुळांच्या आडोशाला दबा धरून असते आणि वरून जाणाऱ्या भक्ष्यावर झेप घेते. मिनो तिच्या डोक्यावरून गेला पाहिजे, पोटाखालून नव्हे.

मिनोचे तीन प्रकार पडतात: तरंगणारा, अधांतरी राहणारा आणि बुडणारा. नवशिक्याने तरंगणारा घ्यावा. तो मुळांना टेकला की रीळ थांबवावे; तो आपोआप वर येतो आणि पाचशे रुपये वाचतात. अधांतरी राहणारा मिनो ओढ थांबताच जागीच स्थिर होतो. मागे लागलेला मासा तेव्हाच चावतो. पण येथे एक गंमत आहे. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरते, समुद्राचे मात्र सुमारे १०२५ ग्रॅम. म्हणून तळ्यासाठी बनवलेला अधांतरी मिनो खाडीच्या मुखाशी हळूहळू वर येतो; आणि मुखाशी बरोबर बसणारा मिनो पावसाळ्यात वरच्या अंगाला, पाणी गोडे झाल्यावर, हळूहळू बुडतो. बुडणारा मिनो वाऱ्यात लांब जातो. तो उघड्या पुळणीवर वापरावा, खडपात नको.

लांबी तेथल्या भक्ष्याएवढी असावी. खाडीत सात ते नऊ सेंटिमीटर, मुखाशी अकरा ते चौदा. रंगाचा विचार शेवटी करावा: नितळ पाण्यात चंदेरी, गढूळ पाण्यात सोनेरी किंवा भडक. गोड्या पाण्याच्या मिनोचे बारीक गळ मोठ्या माशापुढे सरळ होतात आणि खाऱ्या पाण्याने गंजतात. ते बदलून जाड, गंजरोधक गळ लावावेत. मात्र गळांचे वजन वाढले की मिनोचा तरंगही कमी होतो, म्हणून काठाशी एकदा सोडून पाहावे. तो सरळ न येता आपल्या डावीकडे पळत असेल, तर त्याचे तोंड आपल्याकडे धरून नाकावरची कडी पकडीने अगदी किंचित उजवीकडे वळवावी. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन वाळवावा.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वेष्टनावरचे इंग्रजी घरात मीच वाचतो. पण कोणत्या खडपावर कोणत्या तिथीला किती वाव पाणी असते, हे कोठेही छापलेले नाही. ते बाबांना ठाऊक आहे. दोरीला शिसे बांधून त्यांनी सगळी खाडी मोजलेली आहे. मी आकडा सांगतो, ते जागा सांगतात, आणि मगच मिनो पेटीतून बाहेर निघतो. त्यांचे म्हणणे एकच असते, “आधी पाणी बघ, मगे गरी बघ.” शिकलेल्या मुलांनी वाडवडिलांना या गोष्टी वेळीच विचारून वहीत उतरवून ठेवल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. मिनो हरवला तर दुसरा विकत मिळतो. ही माहिती कोणत्याही दुकानात मिळत नाही.