पाण्यावरचे पाहुणे, माळावरचे घरधनी
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खताच्या मात्रा आणि हुमणी यांविषयी लिहितो. या अंकात विषय जरा वेगळा घेतला आहे. आपल्या भीमाकाठच्या मुलखात पक्षी कोठे पाहावेत, केव्हा पाहावेत, याची माहिती द्यायची आहे. विषय उसापासून लांबचा वाटेल, पण तसा तो नाही. शेवटपर्यंत वाचा म्हणजे ध्यानात येईल.

दिवाळीच्या आगेमागे कारखान्याचा बॉयलर पेटतो. बीड-पाथर्डीकडच्या तोडणी टोळ्या येऊन कोप्या उभारतात. नेमके त्याच सुमारास हिमालयापलीकडून पाखरांचे थवे आपल्याकडे उतरू लागतात आणि पट्टा पडायच्या वेळेला परत निघतात. म्हणजे आपला गळीत हंगाम तोच पक्षी पाहण्याचा हंगाम. शासनानेही २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा सोलापूरचे सुपुत्र व ‘पक्षिकोश’कार मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा.

उजनीचा फुगवटा : भिगवण, कुंभारगाव

सर्वांत जवळचे व सर्वांत सोपे ठिकाण हे. पुणे-सोलापूर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण आहे. तेथून जवळच कुंभारगाव व डिकसळ ही पाण्याकाठची गावे. कुंभारगावचे मच्छीमार बांधव होडीतून पाखरे दाखवतात. सकाळी उजाडताच पोचावे, ऊन चढले की मजा जाते.

येथला मानाचा पाहुणा म्हणजे रोहित, ज्याला कोणी अग्निपंख, कोणी फ्लेमिंगो म्हणते. लांब पाय, लांब मान, पंखाखाली गुलाबी रंग. चोच उलटी करून चिखलाचे पाणी गाळायचे आणि त्यातले बारीक जीव टिपायचे, ही त्याची खाण्याची रीत. कच्छच्या रणात त्याची घरटी होतात. पट्टकदंब हा हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे दिसले की तो ओळखावा. याशिवाय चक्रवाक, चमच्या, कुदळ्या, शेकाट्या, नदी सुरय. आणि काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरी. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला हे नाव वेगळे समजावून सांगायला नको.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा. धरण काठोकाठ भरले की आपण पेढे वाटतो. रोहित मात्र त्या साली उशिरा येतो, कारण त्याला खोल पाणी चालत नाही, घोटा-गुडघाभर पाण्याखालचा चिखल लागतो. पाणी हटू लागले, पळसदेवचे जुने देऊळ वर डोकावू लागले, की काठ उघडे पडतात आणि थवे दिसतात. त्याच काठावर आपली गाळपेर असते. पाण्याखाली आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांची काळी जमीन गेली. पाणी हटल्यावर तेथे पेरणारा आणि तेथे चरणारे पाखरू, दोघेही त्याच गाळावर जगतात. गाळपेरीत मारलेले औषध धुऊन थेट पाण्यात जाते, म्हणून तेथे फवारणी अगदी गरजेपुरती करावी. पाखरांसाठीही, आणि तेच पाणी पिणाऱ्या आपल्या माणसांसाठीही.

भादलवाडीचा तलाव

भिगवणजवळच इंदापूर तालुक्यात भादलवाडीचा तलाव आहे. तलावातल्या बाभळींवर चित्रबलाक घरटी करतात. पिवळी चोच, नारिंगी तोंड, शेपटीकडे गुलाबी छटा. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर एकेका बाभळीवर कितीतरी घरटी आणि पिल्लांचा गलका पाहायला मिळेल. बाभळीच्या लाकडाला भाव आहे, पण या बाभळी उभ्या राहिल्या म्हणून ही वसाहत टिकली. आपल्या पाझर तलावांच्या काठच्या बाभळींवर कुऱ्हाड घालण्याआधी भादलवाडी एकदा पाहून यावी.

सुपे आणि रेहेकुरी

पाण्याकडून आता माळाकडे वळू. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावच्या गणपतीवरून हे नाव पडले. १९९७ साली जाहीर झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. मुख्य प्राणी चिंकारा. पाखरांत चंडोल, तित्तर, पखुर्डी, धाविक, माळटिटवी, आणि हिवाळ्यात गवतावर घिरट्या घालणारे भोवत्या ससाणे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी १९८० सालचे. ते याहूनही लहान, काळविटांसाठी राखलेले. दोन्ही ठिकाणी घाई केली तर काही दिसणार नाही. ही पाखरे मातीच्या रंगाची असतात. एका जागी पाव तास गप्प बसा, मग माळ हलू लागतो.

नान्नज : माळढोकाचे घर

सोलापूर-बार्शी रस्त्यावर, सोलापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर नान्नज आहे. हे माळढोकाचे अभयारण्य. उंची मीटरभर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत. उडणाऱ्या पाखरांत एवढी जड फार थोडी. पावसाळ्यात मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. कुत्रे, कोल्हा, जनावराचा पाय, यातून ते वाचले तर पिल्लू.

१९७९ साली अभयारण्य जाहीर झाले तेव्हा त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे आली, शेते आली, रस्ते आले. जमिनीच्या व्यवहाराला अडचण होऊ लागली आणि शेतकऱ्याच्या मनात पाखराविषयी राग बसला. तो राग बिनकारणाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. पुढे २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. पण तोवर माळ फुटले होते. कालव्याचे पाणी आले, बोअर आले, ज्वारीच्या जागी ऊस आणि द्राक्षे आली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही, तारांवर आदळून तो मरतो. आज संपूर्ण देशात माळढोक दीडशेच्या आसपासच उरले असावेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला गेलात तर तो दिसेलच असे कोणी सांगू शकत नाही. काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगा दिसेल. माळढोकासाठी मात्र आता नुसती जागा राहिली आहे, असेच म्हणावे लागते.

मग जायचे कशाला, असे कोणी विचारील. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे. उद्या ती पाखरे कोठे तरी सोडायची म्हटली तर गवताचा माळ शिल्लक हवा. पाखरू वाढवता येते, पण नांगरून ऊस लावलेला माळ पुन्हा माळ व्हायला पिढ्या जातात. नान्नज पाहायचे ते यासाठी.

जरा लांबचे : नांदूर मध्यमेश्वर

नाशिककडे जाणे झाले तर निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावरचा हा बंधारा जरूर पाहावा. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या याच बंधाऱ्यावरून गोदावरीचे कालवे निघतात, ज्यांच्या पाण्यावर कोपरगाव-राहात्याकडचा ऊस उभा राहिला. बंधाऱ्यामागे गाळ साचला, गवत-लव्हाळे माजले आणि पाखरांना घर मिळाले. पाणथळ जागांच्या जागतिक यादीत २०२० साली त्याचे नाव जाहीर झाले. रामसर नावाची ही यादी, आणि महाराष्ट्रातून तिच्यात जाणारे हे पहिले ठिकाण. चापडगाव बाजूने पाहण्याची सोय आहे. म्हणजे उसासाठी अडवलेल्या पाण्याने येथे पाखरेही पोसली.

आपला संबंध काय ?

भीमेच्या पाण्याने पाणपक्ष्यांना जागा दिली आणि त्याच पाण्यावर वाढलेल्या उसाने माळावरच्या पाखरांची जागा घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. क्षेत्र वाढवणे हे आमच्या खात्याचे काम, तरी आम्ही स्पष्ट सांगतो की मुरमाड माळावरचा ऊस सभासदाला परवडत नाही. पाणी जास्त, टनेज कमी, खोडवा फुटत नाही. तेवढेच पाणी व खत ठिबकने काळ्या रानाला द्या, एकरी उतारा वाढवा आणि माळ गवताला राहू द्या. जनावरांना चारा होईल आणि चंडोल-तित्तरालाही आसरा मिळेल.

दुसरे, पाचट पेटवू नका. जमिनीच्या कसाविषयी आम्ही हे दरवर्षी सांगतो. बांधाकडेच्या पाचटात आणि गवतात तित्तर-लाव्यांचा आसराही असतो. नांगरामागे बगळे, साळुंक्या व कावळे हुमणीच्या अळ्या वेचतात, आणि रात्री गव्हाणी घुबड उसातले उंदीर मारते. या गड्यांना हजेरी द्यावी लागत नाही. घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारणे तेवढे थांबवा.

जाताना एवढे पाळा

पांढरे, भडक कपडे नकोत. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर दोघा-तिघांत एक चालते. होडी थव्यात घालू नका. फोटोसाठी पाखरे उडवायला होडीवाल्याला सांगू नका, दर वेळी उडताना त्यांची ताकद खर्च होते आणि त्याच ताकदीवर त्यांना परतीचा पल्ला गाठायचा असतो. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीने व ठरलेल्या वाटेनेच जावे, कुत्रे बरोबर नेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा आहे, घरटी-अंडी काढणे हासुद्धा.

मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणाला जाताना भिगवण वाटेतच लागते. पाडेगावच्या संशोधन केंद्रावर बेणे पाहायला गेलात तर सुपे लांब नाही. तासभर आधी निघा आणि पोराबाळांना बरोबर घ्या. काय काय दिसले ते आमच्या गट ऑफिसात येऊन जरूर सांगा. आणि ज्या सभासदाच्या माळावर आजही धाविक किंवा माळटिटवी अंडी घालते, त्याने ती जागा यंदा नांगराविना ठेवावी, एवढी आमची विनंती आहे.