पेजेतले मीठ

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते भाकरीच्या गुणांमुळे. पण लेकराला हगवण लागली की याच पिठाची पातळ पेज मीठ घालून चमच्या-चमच्याने पाजत. त्यामागचे कारण असे: आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ शोषले जाते, मिठामागोमाग पाणी, आणि पिठातली साखर हळूहळू सुटते. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानेच कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणले.

मात्र ‘पोटाला आराम’ म्हणून पाणी तोडण्याची रीतही घरोघरी होती. लेकरे दगावत ती त्याने. सहाणेवर मुरडशेंग कितीही उगाळली तरी अंगातून गेलेले पाणी भरून येत नाही. सहा महिन्यांच्या आत तर पेजही नको. आईचे दूध आणि जलसंजीवनीच द्यावी. डोळे खोल गेले, लघवी थांबली, की दवाखाना गाठावा.