संदर्भग्रंथ आणि मोडी लिपि

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं निघाली आणि दुसरी १८५७ सालीं. शब्द सावकाश बदलतात. म्हणून कोशाला सव्वीस वर्षें थांबतां आलें. संगणकावरील एखाद्या साधनाच्या संदर्भग्रंथाला ही सवलत नाहीं. साधन आज बदललें आणि ग्रंथ कालचाच राहिला, तर वाचणाऱ्याची फसगत ठरलेली. ‘एमॅक्स’ या साधनाच्या उदाहरणावरून हें चांगलें समजतें.

एमॅक्स हें मजकूर लिहिण्याचें व सुधारण्याचें साधन. १९७६ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन व त्यांचे सहकारी यांनीं त्याचा पाया घातला. आज प्रचारांत असलेलें ‘ग्नू एमॅक्स’ १९८५ पासूनचें. त्याच्या बहुतेक आज्ञा लिस्प नांवाच्या भाषेंत लिहिलेल्या आहेत आणि वापरणाऱ्यानें त्या हव्या तशा बदलाव्या, नव्या रचाव्या, अशी मुभा आहे. जें घर राहणाराच रोज बदलतो, त्याचा नकाशा काढणें सोपें नव्हे.

यावर दुहेरी योजना केलेली आहे. प्रत्येक आज्ञेच्या पोटांतच तिचा अर्थ सांगणारें लहानसें टिपण असतें आणि विचारतांच तें पडद्यावर दिसतें. शिवाय ग्रंथ आहेत: एक सामान्य वापरणाऱ्यांसाठीं, दुसरा लिस्प लिहिणाऱ्यांचा संदर्भग्रंथ, तिसरा नवशिक्यांची प्रवेशिका. टिपण आज्ञेशेजारींच असल्यामुळें तें सहसा विसरलें जात नाहीं. ग्रंथ मात्र आठवणीनें सुधारावा लागतो. त्यासाठीं एक साधी शिस्त आहे. नव्या गोष्टींच्या यादींत प्रत्येक नोंदीवर खूण करावयाची. तीन अधिक-चिन्हें म्हणजे ग्रंथांत योग्य तो बदल झाला. तीन आडव्या रेघा म्हणजे ग्रंथांत बदलाची जरुरी नाहीं. जिच्यावर खूणच नाहीं, त्या नोंदीचें काम बाकी आहे असें समजावयाचें.

एवढी शिस्त असूनहि ग्रंथांत काय ठेवावें आणि काय गाळावें, हा प्रश्न उरतोच. एमॅक्सच्या जुन्या ग्रंथांत लिप्यांच्या यादींत देवनागरीचें नांव असून तिच्यापुढें हिंदी व मराठी या भाषांचा निर्देश होता. पुढें ती यादी आटोपशीर झाली. आतां तेथें ब्राह्मी कुळांतील लिप्या असा एकच उल्लेख असून उदाहरणादाखल बंगाली, हिंदी व थाई यांचीं नांवें आहेत. मराठीची सोय गेली नाहीं. गेलें तें तेथील नांव.

नांव गेल्यानें काय बिघडतें, हें जालना जिल्ह्याकडे पाहिलें असतां कळेल. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. २०२३ च्या ऑगस्टमध्यें अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी येथें मराठा आरक्षणासाठीं उपोषण सुरू झालें. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जुनीं दप्तरें उर्दूंत आणि मोडींत. मोडी वाचणारे थोडे. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळीत नाहींत. म्हणून देवनागरी प्रत ही वाचणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते. शेजारीं मोडी अक्षरांतील नक्कलहि असली, तर दुसऱ्या जाणकाराला वाचन ताडून पाहतां येतें. जेथें एका नांवावर कुटुंबाचा दाखला अवलंबून असतो, तेथें ही काळजी अनाठायीं नव्हे.

मोडीला युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें. ३० जुलै २०२३ रोजीं प्रसिद्ध झालेल्या एमॅक्सच्या २९.१ या आवृत्तींत मोडी लिहिण्याची सोयहि आली. मात्र मोडीचा टंक संगणकावर असला पाहिजे. आतां एखाद्या अभ्यासकानें ग्रंथांतील ती ओळ उघडली, तर तेथें त्याला मोडी दिसणार नाहीं, मराठीहि दिसणार नाहीं, आणि सोयच नाहीं असें समजून तो ग्रंथ मिटील. उलट त्यानें एमॅक्सलाच लेखनपद्धतींची यादी विचारली, तर मोडी तींत सांपडते. दार उघडें आहे. पाटी तेवढी नाहीं.

सर्व लिप्यांचीं नांवें एका वाक्यांत कोंबावीं असा याचा अर्थ नव्हे. ग्रंथाच्या शेवटीं कळा, आज्ञा, चलें व विषय यांच्या निरनिराळ्या सूची असतात. विषयसूचींत एक शब्द घातला, तरी शोधणाऱ्याला वाट मिळते. अशी दुरुस्ती कोणीहि सुचवूं शकतो. सुमारें पंधरा ओळींहून मोठ्या लेखनासाठीं हक्क-हस्तांतराचे कागद लागतात. एका शब्दाला त्यांची गरज नाहीं. मात्र तो शब्द सुचविण्याचें काम, ज्याला त्याची उणीव भासते अशा वाचकालाच करावें लागतें.