कणभर खनिजांचा अंमल

दहा किलो कोरडा चारा खाणाऱ्या गाईला दिवसाकाठी जे कोबाल्ट लागते त्याचे वजन सुमारे एक मिलिग्रॅम भरते. वर्षभराचा हिशेब मांडला तरी ते अर्ध्या ग्रॅमच्या आतच राहते. परंतु एवढ्या अल्प अंशाच्या अभावी हिरव्यागार कुरणात चरणारे कळपच्या कळप झिजून नाहीसे झाले आहेत, आणि सेलेनियम या दुसऱ्या खनिजाचे प्रमाण किंचित वाढल्यामुळे धडधाकट घोड्यांचे खूर गळून पडले आहेत. तांबे, जस्त, कोबाल्ट, आयोडीन, मँगनीज, सेलेनियम इत्यादी सूक्ष्म खनिजांच्या बाबतीत पोषक द्रव्ये व घातक द्रव्ये असे दोन निरनिराळे वर्ग नाहीत. एकच द्रव्य प्रमाणात असता शरीराचे धारण करते आणि प्रमाण सुटले की त्याच शरीराचा घात करते, ही गोष्ट प्रत्येक पशुपालकाने आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

या ज्ञानाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. न्यूझीलंडच्या उत्तर बेटात ज्वालामुखीच्या राखेने बनलेल्या पठारी मुलखात वसाहतवाल्यांनी रान तोडून कुरणे केली. गवत उत्तम वाढले, पण त्यावर चरणाऱ्या गाईमेंढ्या काही महिन्यांतच खंगू लागल्या, त्यांची भूक मेली, अंगातले रक्त आटले. आश्चर्य असे की, त्याच कुरणात घोडे सुखाने वाढत, आणि आजारी जनावर दुसऱ्या जमिनीवर हलविले की ते पुन्हा भरू लागे. ‘बुश सिकनेस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या रोगाचे कारण लोहाचा अभाव होय, असा न्यूझीलंडचे रसायनज्ञ ॲस्टन यांचा तर्क होता, कारण लिमोनाइट नावाची लोहयुक्त खनिजमाती चारली असता गुण येई. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियात, डेन्मार्क नावाच्या गावाभोवती आढळणाऱ्या अशाच रोगाचा तपास करताना अंडरवुड व फिल्मर यांनी त्या मातीच्या अर्कातले लोह जवळजवळ सर्व काढून टाकले, तरीही उरलेल्या अर्काने जनावरे बरी होत राहिली. तेव्हा गुण लोहाचा नसून त्याच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या कशाचा तरी आहे, हे उघड झाले, आणि एकेक घटक पारखत ते 1935 च्या सुमारास कोबाल्टपाशी येऊन पोहोचले. ॲडलेड येथे मार्स्टन व त्यांचे सहकारी स्वतंत्र मार्गाने त्याच निर्णयाला येऊन ठेपले होते.

कोबाल्ट नेमके करते काय, याचा उलगडा 1948 मध्ये ब-12 जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आल्यावर झाला, कारण त्या जीवनसत्त्वाच्या रेणूच्या केंद्रस्थानी कोबाल्टच आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात वास करणारे सूक्ष्मजंतू चाऱ्यातील कोबाल्ट घेऊन हे जीवनसत्त्व घडवितात. ते न मिळाल्यास चारा आंबून तयार झालेल्या एका प्रमुख आम्लाचा शरीराला ऊर्जेसाठी उपयोग करता येत नाही, आणि पोट भरलेले असूनही जनावर उपाशी राहते. घोडा रवंथ करीत नाही व त्याची ही गरज फार थोडी असते. त्याच कुरणात तो निरोगी राही, याचे कारण हे आहे.

सेलेनियमची कथा याच्या उलट्या टोकाने सुरू होते. अमेरिकेतील डाकोटा प्रांतात 1856 मध्ये एका लष्करी ठाण्यावरील घोड्यांची आयाळ झडून खूर गळू लागल्याची नोंद तेथील शल्यवैद्याने केली. परंतु याचे मूळ जमिनीतून धान्यात व गवतात उतरणाऱ्या सेलेनियममध्ये आहे, हे सिद्ध व्हावयास 1930 नंतरचे दशक उजाडावे लागले. आपल्या देशातही पंजाबातील होशियारपूर व नवांशहर या भागांत अशा जमिनी असून तेथील जनावरांच्या शिंगांवर व खुरांवर तोच परिणाम दिसून आला आहे. सेलेनियम हे केवळ विषच, असा समज दृढ होत असतानाच 1957 मध्ये श्वार्त्झ व फोल्ट्झ यांनी ते प्राण्यांना आवश्यक असल्याचे दाखवून दिले, आणि ते कमी पडल्यास वासरांचे व कोकरांचे स्नायू पांढरे पडून ती दगावतात, हेही लवकरच निष्पन्न झाले. कोरड्या चाऱ्याच्या दर किलोमागे 0.1 ते 0.3 मिलिग्रॅम ही गरज, आणि पाच मिलिग्रॅमच्या आसपास अपाय निश्चित; इतके हे अंतर अरुंद आहे. 2009 मध्ये फ्लोरिडात जीवनसत्त्वांच्या मिश्रणात सेलेनियमचे प्रमाण चुकल्यामुळे पोलोचे 21 उमदे घोडे एकाएकी प्राणास मुकले.

याहून अवघड मामला म्हणजे खनिजांचे परस्परांतील वैर. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील काही कुरणांत गाईंना सतत हगवण लागे; गवतातील अधिक मॉलिब्डेनम हे त्याचे कारण ठरले व मोरचूद देऊन ती थांबविता आली. मॉलिब्डेनम आणि गंधक एकत्र आले की चाऱ्यातील तांबे बांधले जाऊन जनावराला लागू पडत नाही. म्हणजे चाऱ्यात तांबे पुरेसे असूनही अंगात त्याचा तुटवडा संभवतो. उलट मेंढी ही तांबे बाहेर टाकण्यात फार दुबळी असते. गाईसाठी केलेले खनिज मिश्रण तिला चारले तर तांबे महिनोन् महिने यकृतात साठत जाते, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि प्रवास, उपासमार किंवा अन्य ताण पडताच ते रक्तात उतरून रक्तपेशी फोडते, लघवी लाल होते, कावीळ दिसते आणि जनावर हातचे जाते.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणच्या जमिनींत जस्ताची उणीव आढळते, आणि केवळ कडबा, काड किंवा उसाचे वाढे यांवर पोसलेल्या जनावरांना सर्व खनिजे योग्य प्रमाणात मिळतील याची शाश्वती नसते. म्हैस वेळेवर माजावर न येणे, गाय वारंवार उलटणे, वार अडकणे, काळे केस तांबूस पडणे, जनावराने माती किंवा भिंत चाटणे, ही लक्षणे खनिजांच्या अभावाने संभवतात. परंतु त्यांतील बरीच जंतांमुळे, उपासमारीमुळे किंवा अन्य रोगामुळेही दिसतात, म्हणून नुसत्या लक्षणांवरून निदान करून बाजारातले मिश्रण आणणे हा सरळ मार्ग नव्हे. त्या त्या प्रदेशातील माती, चारा व जनावरांचे रक्त तपासून तेथे जे कमी आहे तेवढेच पुरविणारी प्रदेशनिहाय खनिज मिश्रणे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने पुरस्कृत केली आहेत. विज्ञानाला मान्य असलेली दिशा हीच आहे.

तेव्हा गोपालकांस व धनगर बांधवांस कळकळीची विनंती एवढीच की, चारा व जनावर यांची तपासणी पशुवैद्याकडून करवून घ्यावी. मिश्रणाच्या पिशवीवरील तपशील व मात्रा वाचून त्याबरहुकूम वजन करूनच द्यावे. एकाच वेळी दोन मिश्रणे चारू नयेत. आणि गाईम्हशींचे मिश्रण मेंढ्यांच्या गव्हाणीत कधीही टाकू नये.