घरी चाललेला स्लाइड शो सभागृहात का अडतो? ‘लावलं की सुरू’ होणारी सीडी, पेन ड्राइव्ह अशी करा तयार

बचत गटाच्या कामाचं सादरीकरण पंचायत समितीत, पाणलोटाचा आराखडा ग्रामसभेत, पोरांचा विज्ञान प्रकल्प तालुक्याच्या शाळेत. लॅपटॉप तिथला, प्रोजेक्टर तिथला, आपल्या हातात फक्त पेन ड्राइव्ह. वेळ दहा मिनिटांची. आणि पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं अन् कंस-टिंबांची खिचडी उमटते, नाहीतर व्हिडिओ चालतच नाही. साहेब घड्याळाकडं बघतात आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं जातं.

दोष बहुतेक वेळा तिथल्या लॅपटॉपचा नसतो. आपलं अर्धं सामान घरीच राहिलेलं असतं.

पहिलं सामान म्हणजे फॉन्ट. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी हे कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, फॉन्ट त्यांच्यावर मराठी रूप चढवतो. समोरच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की रूप उतरतं आणि खालची इंग्रजी उघडी पडते. डीटीपीवाल्याकडून स्लाइड करून घेतल्या तर हा धोका हमखास. त्याला आधीच सांगा, ‘युनिकोडमध्ये करा.’ मंगल, निर्मला हे युनिकोड फॉन्ट आहेत. मोबाइलवर आपण जे मराठी टाइप करतो तेही युनिकोडच. त्यात एखादा फॉन्ट सापडला नाही तरी दुसरा मराठी फॉन्ट त्याची जागा घेतो, अक्षराचं वळण फार तर बदलतं.

दुसरं सामान व्हिडिओ आणि आवाज. 2007 पर्यंतच्या पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ फाइलच्या आत जातच नव्हता, फक्त त्याचा पत्ता नोंदला जायचा. नव्यातही ‘लिंक टू फाइल’ निवडलं तर तेच होतं. म्हणून घरच्याच लॅपटॉपवर तपासून उपयोग नाही. तिथं मूळ व्हिडिओ जागेवर असतो, सगळं झकास चालतं.

यावर पॉवरपॉइंटमध्येच सोय आहे. ‘फाइल’, मग ‘एक्स्पोर्ट’, मग ‘पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी’. नाव सीडीचं असलं तरी ‘कॉपी टू फोल्डर’ दाबून पेन ड्राइव्हवरही घेता येतं. लिंक केलेल्या फाइली त्याच फोल्डरमध्ये येतात. तिथल्याच ‘ऑप्शन्स’मध्ये फॉन्ट सोबत घेण्याची खूण असते, ती करा. पूर्ण फोल्डर न्यायचा, त्यातली एकटी फाइल नाही.

आपोआप सुरू होण्याचं काय?

पूर्वी सीडी घातली की कार्यक्रम आपोआप सुरू व्हायचा. सीडीत ‘ऑटोरन’ नावाची चार ओळींची फाइल असे, विंडोज 95 पासून ही सोय होती. पण तीच वाट व्हायरसनं धरली. 2008 मध्ये पसरलेला कॉन्फिकर पेन ड्राइव्हमधूनही फिरला. विंडोज 7 पासून पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद झालं, 2011 मध्ये अपडेट देऊन एक्सपी आणि व्हिस्टावरही ते बंद केलं गेलं. सीडीचं अजून चालतं, पण आधी परवानगी विचारली जाते. कुणी ‘पेन ड्राइव्ह आपोआप चालेल असं करून देतो’ म्हणालं, तर पैसे देण्याआधी दोनदा विचार करा.

मग एका क्लिकवर समाधान मानावं. सेव्ह करताना ‘पॉवरपॉइंट शो’ प्रकार निवडा. फाइलवर डबल क्लिक केलं की थेट पूर्ण पडद्यावर शो सुरू होतो. मात्र त्यासाठी तिथं पॉवरपॉइंट हवंच. पूर्वी त्याचा फुकट ‘व्ह्यूअर’ मिळायचा, तो मायक्रोसॉफ्टनं 2018 मध्ये बंद केला.

प्रदर्शनातल्या स्टॉलवर शो दिवसभर फिरता ठेवायचा असेल तर सरळ व्हिडिओ करावा. ‘एक्स्पोर्ट’मध्ये ‘क्रिएट अ व्हिडिओ’ आहे, एमपी4 प्रकार निवडायचा. लॅपटॉप, मोबाइल, यूएसबीचा टीव्ही, सगळीकडं हाच सगळ्यात बिनघोर. फॉन्टची कटकट संपते, कारण अक्षरं चित्रातच गेलेली असतात. ‘किऑस्क’ पद्धतीनं पॉवरपॉइंटच फिरवायचा असेल, तर प्रत्येक स्लाइडला वेळ लावा. वेळ न लावता किऑस्क निवडलं की शो पहिल्याच स्लाइडवर ठाण मांडतो आणि क्लिक करूनही हलत नाही.

सीडीच करायची असेल तर विंडोज दोन पर्याय विचारते. ‘विथ ए सीडी/डीव्हीडी प्लेअर’ निवडा, ती जास्त ठिकाणी वाचली जाते. सीडीत 700 एमबी मावतं. एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घेतली तर दुसऱ्याच्या लॅपटॉपमधला व्हायरस तिच्यात शिरत नाही. पेन ड्राइव्ह मात्र गावभर फिरून शॉर्टकटचा आजार घेऊन येतो. अडचण एवढीच की आताच्या बऱ्याच लॅपटॉपना सीडीचा खणच नसतो.

म्हणून पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी ठेवाव्यात: पॅकेजचा फोल्डर, एमपी4 आणि पीडीएफ. पीडीएफमध्ये हालचाल, व्हिडिओ काही नसतं, पण ती ब्राउझरमध्येही उघडते. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर लावून बघा. तीच पीडीएफ स्वतःच्या मोबाइलमध्येही असू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. स्लाइडचे फोटो काढून पाठवले की ते दबतात आणि पडद्यावरचे आकडे मागच्या रांगेला वाचता येत नाहीत.